महादेव बुडवायचं पाणी

गाठ रहाटाच्या खाचेत अडली आणि घागर विहिरीच्या मध्यावर लोंबकळत राहिली – ना वर, ना खाली. दर खेपेला अडायची ती. जुना दोर पाण्याला पुरेना म्हणून होळीनंतर त्याला नवा तुकडा जोडला होता, आणि जोडावरची ती मुठीएवढी गाठ चाकाशी आली की जनकाबाई हात सैल करून एक झटका द्यायची, गाठ पलीकडे उडायची आणि काम पुढे चालू. आज तिनं झटका दिला नाही. दोर तसाच धरून ती त्या गाठीकडे बघत राहिली – काथ्याचे तुटके केस, त्यात अडकून वाळलेलं शेवाळ – आणि डोक्यात एकच गोष्ट घाण्याच्या बैलासारखी फिरत होती. मान हलली. आपली मान हलली.

हलली हे खरं. पण हो म्हणून हलली, की ऐकलं एवढंच सांगायला हलली, की पाटील बोलला म्हणजे मान हलवायची ही जी पिढ्यान्‌पिढ्यांची खोड अंगात मुरलेली असते त्या खोडीनं हलली, हे तिचं तिलाच सांगता येईना. तोंडातून ना हो निघालं होतं, ना नाही. आणि भगवंतराव पाटील मात्र समाधानानं हसून, हात जोडल्यासारखं काहीतरी करून – खरंच जोडले का त्यानं हात, की नुसता धोतराचा सोगा सावरला? – वळून गेला होता. संध्याकाळी त्याची गाडी येणार होती.

सकाळी चूल पेटते न पेटते तोच तो आला. माणिकराव, तिचा नवरा, बीबी गावाच्या रस्त्यावर खडी फोडायच्या दुष्काळी कामाला उजाडायच्या आतच निघून गेला होता. कुडाच्या पलीकडे पांढरं धोतर दिसलं तेव्हा तिला आधी वाटलं, कोणी सरकारी माणूस असेल. पाटलाचे पाय या वस्तीच्या मातीला कधी लागल्याचं तिला आठवत नव्हतं. आणि मग तो म्हणाला, ‘जनकाबाई.’

जनके नाही, कचऱ्याची सून नाही, अवं ए नाही – जनकाबाई.

‘माणिकराव हायत का घरी?’

‘नाई. खडीवर गेले.’

‘बरं. तुमाले तं मालूमच हाय, मिरग कोल्ला गेला, थेंब नाई पडला, आडदरा बी चालल्या. गावानं ठरोलं का आता महादेव कोंडा लागते. आज सोमवार हाय. पन गाभारा भराले पानी पाह्यजे, अन् गावातल्या इहिरीची दशा तं तुमी पाहूनच राह्यल्या. तुमच्या इहिरीले हाय. सांजच्याले गाडी आनतो, टिपं आनतो. गावाचं काम हाय, जनकाबाई.’

दुसऱ्यांदा तो जनकाबाई म्हणाला आणि तेवढ्यात ती मान हलली.

तिनं झटका दिला. घागर वर आली, अर्धी. तीही गढूळ. दोन वर्षांपूर्वीपर्यंत या विहिरीत घागर सोडली की ती बुडायची, गुडगुड असा भरल्या पोटाचा आवाज यायचा; आता ती तळाच्या खडकावर आपटते, आडवी होते, मग तिला हलवून हलवून, लहान पोराला जेवू घालावं तसं पाणी पाजावं लागतं. जनकाबाईनं वाकून पाहिलं. एका बाजूला खोलगटात पाणी होतं, हिरवट, गप्प. सासऱ्यानं पाणी निर्मळ राहावं म्हणून सोडलेलं कासव पाण्यातून बाहेर येऊन खडकाच्या कंगोऱ्यावर बसलं होतं. पूर्वी त्याला बघायला पोरांना तासन्‌तास डोकावत बसावं लागे. आता ते उघड्यावर आलं होतं आणि मान आत ओढून बसलं होतं.

पाऊस डोळे वटारून बसला की महादेवाला कोंडायची या गावाची रीत होती. गुरव गाभाऱ्यातलं पाणी बाहेर जायची मोरी चिंध्या आणि शेणमातीनं बुजवायचा, गाव घागरीवर घागरी ओतायचं, पिंड पाण्याखाली गेली की दार लावून घ्यायचं. आत देव गुदमरला म्हणजे झक मारत पाऊस सोडील, असा सरळ हिशेब. पण अट अशी की पिंड एका दमात बुडली पाहिजे. मध्ये धार तुटली की सगळं फुकट. म्हणून नदीच्या वाळूत खणलेल्या झिऱ्याचं वाटीवाटीनं मिळणारं पाणी तिथं कामाचं नव्हतं. साठलेलं पाणी हवं होतं, आणि साठलेलं पाणी पंचक्रोशीत एकाच ठिकाणी उरलं होतं – या बौद्ध वस्तीच्या विहिरीत, जिथं गावातली बाई आजवर तहानेनं मेली तरी आली नव्हती. चैत्रापासून त्या बाया पहाटे उठून दूर नदीवर जातात, वाळू उकरतात, ओढणीसारख्या विरलेल्या लुगड्यातून गाळ गाळतात... पण इकडे वळत नाहीत. प्यायला हे पाणी चालत नाही. देवाला चालतं.

आणि आपल्याला? आपल्याला चालतं का?

नवं मराठी राज्य व्हायच्या आधीची गोष्ट. माणिकराव नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला, आल्यावर अंगणात उभं राहून त्यानं सगळ्यांना सांगितलं की आजपासून हे देव आपले नाहीत, आणि मग घरातले टाक, मूर्ती, शेंदराचे दगड सगळं एका फडक्यात बांधून त्यानं नदीला दिलं. तेव्हा नदी दिवाळीलाही छातीभर असायची. फडकं बुडताना जनकाबाईचे हात आपोआप जोडले गेले होते, खोटं कशाला बोला. पण ते बुडून गेल्यावर परत येताना डोकं कसं हलकं झालं होतं तेही तिला आठवत होतं. आपण देव पाण्यात सोडले आणि सुटलो. हे गाववाले देव पाण्यात घालून धरून बसणार. आणि पाणी माझं.

माझंच. माझ्या डोक्यावरून गेलेला आहे या विहिरीतला एकेक दगड. त्या वर्षी आम्ही मेलेली जनावरं ओढायचं सोडलं, तर गावानं आमचं मजुरीचं काम तोडलं आणि पाण्याची वाट बंद केली. तेव्हा सासरा कचरू म्हातारा म्हणाला, माणसानं किती दिवस दुसऱ्याच्या हाताकडे पाहावं? नाल्याकाठची आमची खडकाळ पट्टी त्यानं दाखवली. वस्तीनं पहारीनं खडक फोडला. मी टोपल्या वाहिल्या. डोक्यावरची चुंबळ भिजून कपाळावर लाल पाणी ओघळायचं, मुरमाचं. आणि एका दुपारी खालून माणिकरावाची हाक आली – ओल लागली! – तेव्हा म्हाताऱ्यानं वाकून तो ओला मुरूम मुठीत घेतला आणि तोंडाला फासला...

‘जनके! कोनतं ध्यान लागलं वं तुले? घागर सांडून राह्यली.’

तानाबाई होती. वस्तीतली सगळ्यात म्हातारी, माणिकरावाची मावशी. जीभ तिखट, गुडघे गेलेले. काठी टेकत ती ओट्याच्या कडेला बसली.

‘पाटील आल्ता म्हने?’

‘हाव.’

‘अन् तू हो म्हनलं म्हने.’

‘मी काई म्हनलं नाई, मावशी.’

‘मंग तो काऊन साऱ्या गावात सांगून राह्यला, जनकाबाईनं पानी देल्लं म्हनून? पारावर कापूर-नारयाची तयारी चालू हाय.’

जनकाबाईनं घागर कडेला ठेवली. मान हलल्याचं ती मावशीला सांगू शकली नाही. अशी कशी सांगणार? तोंडानं हो म्हणाले असते तर भांडता आलं असतं, रागानं म्हणाले, भीतीनं म्हणाले, काहीतरी कारण असतं. मान हलली याला काय कारण द्यावं?

‘प्याले नाई चालत अन् देवाले चालते!’ तानाबाई हसली, उरलेले दात दाखवत. ‘म्हंजे पाटील महादेवापेक्षाई सोवया झाला का वं?’ आणि मग हसणं तिथंच टाकून, आवाज खाली आणून : ‘देऊ नको जनके. गाभारा काय लहान हाय? गुडघाभर पानी भरा लागते. मांगच्या खेपेले गावच्या इहिरीचा तळ लागला होता.’

‘नाई देल्लं तं?’

तानाबाई काठीनं मातीत रेघ ओढत राहिली. ‘नाई देल्लं अन् पाऊस नाई आला,’ ती शेवटी म्हणाली, ‘तं नाव आपलं हाय. थो गुरव तं आताच म्हनते, यायनं देव सोडले म्हनून आभाय कोपलं.’

एवढं बोलून म्हातारी आली तशी काठी टेकत गेली. हेच तर जनकाबाई सकाळपासून स्वतःशी बोलायचं टाळत होती, आणि तिनं ते ओट्यावर आणून ठेवलं.

दुपारी भाकरी तशीच ठेवून ती पुन्हा विहिरीवर आली, उगाचच, घागर न घेता. विहिरीवर वाकलेल्या बाभळीला सुगरणींची घरटी लोंबत होती – सगळी अर्धी. नर पक्षी ज्येष्ठात येऊन विणायला लागले होते, हिरव्या गवताचं पातं कुठून मिळवलं त्यांनी कोण जाणे; खोपा विणला, आता खाली बोगदा विणायचा, तोच थांबले. एक दिवस चोचीतलं पातं टाकून उडून गेले. ओली पाती वाळून पिवळी पडली. तिला लहानपणी आईनं सांगितलं होतं, सुगरण विणते त्या वर्षी पाऊस येतोच. विणली तर खरी. मग?

खुणा खोट्या निघत होत्या, आणि तिला सगळ्यात भीती याची वाटत होती. दुष्काळ तिनं पाहिले नव्हते असं नाही. आजवरच्या दुष्काळाला निदान रीत असायची. तो सांगून यायचा. टिटवीनं नाल्याच्या पोटात अंडी घातली की समजावं, यंदा नाल्याला पाणी नाही. बांधावर घातली की समजावं, पूर येणार, तीही पिलं वाचवतेय. यंदा टिटवीनं बांधावर, चांगली उंच जागा बघून अंडी घातली. मुंग्यांनी अंडी वर नेली. वारा जिकडून यायचा तिकडूनच आला. वस्तीनं विश्वास ठेवून मृगाच्या आधीच धूळपेरणी केली, आणि ते बी मुंग्या आणि पाखरं घेऊन गेली. टिटवीचा तरी काय दोष? तिलाही कुणी फसवलं असेल. वरचा जो कोणी हे सगळं चालवत होता – माणिकराव म्हणतो कोणीच नाही, नसेल – तो आपलीच चाल विसरल्यासारखा वागत होता.

आणि पाऊस कमी झाला म्हणावं, तर तसंही धड नाही. गेल्या वर्षी आख्खा श्रावण कोरडा गेला, आणि ज्वारी कापून पेंढ्या शेतात पडल्या होत्या तेव्हा असा कोसळला की कणसं काळी पडली, बांध फुटले, वावरातली माती चहासारखी होऊन नाल्यानं वाहून गेली. सकाळी नाला गर्जत होता, दुसऱ्या दिवशी त्यात पोरं गोट्या खेळत होती. तिनं त्या दिवशी आनंदानं विहिरीत डोकावून पाहिलं होतं. विहीर दोन हात वर आली होती – गढूळ, वरवरची – आणि आठवडा झाला नाही तोच होती तिथं. तेव्हापासून ती गोष्ट तिच्या मनात काट्यासारखी बसली होती. पूर्वी झड लागायची. दिवसचे दिवस सूर्य दिसायचा नाही, चुलीत ओली लाकडं धुपायची, अंगावर लुगडं वाळायचं नाही आणि बाया कंटाळून पावसाला शिव्या घालायच्या. पण त्या झडीचं पाणी हळूहळू, मुक्कामाला आलेल्या पाहुण्यासारखं, जमिनीत उतरायचं. शिमग्यापर्यंत नाला वाहायचा. नाल्यात खेकडे असायचे, दगड उलटला की दोन पळायचे. लव्हाळ्यात पाणकोंबड्या ओरडायच्या. डोंगरावरचं सागाचं रान तुटून गेलं आणि ते पाणी थांबवणारंही कोणी राहिलं नाही. आता पाऊस आला तरी चोरासारखा येतो, हाताला लागेल ते घेऊन पळतो. विहिरीत उतरायला त्याला सवडच नसते.

म्हणजे पाऊस आला तरी दिलेलं पाणी परत येणार नव्हतं. हे पाटलाला कोण सांगणार? तो म्हणेल, उद्या पाऊस पडला की तुमची विहीर तुडुंब! त्याला खरंच तसं वाटत असेल. तो लबाड नव्हता, हीच पंचाईत. लबाड असता तर तोंडावर नाही म्हणणं सोपं गेलं असतं. त्याचे बैल खंगले होते, त्याच्या वाड्यातल्या बाया वाळू उकरत होत्या, आणि त्याला वाटत होतं की एक गाभारा भरला की सगळं जिथल्या तिथं बसेल – मृगाच्या जागी मृग आणि पाटलाच्या जागी पाटील.

आणि नाही म्हणावं? तेही तिनं दुपारभर मनात म्हणून पाहिलं. नाही देत. तोंडात ते शब्द बरे वाटले. मग लगेच त्यांच्यामागून गुरव दिसला, पारावरची माणसं दिसली, वस्तीच्या गवती छपरांवरून त्यांची फिरलेली नजर दिसली... तहानलेलं गाव कुणावर तरी खापर फोडणारच. आणि डोकं शोधायला त्याला लांब जावं लागणार नव्हतं. देऊन टाकावं? दिलं आणि पाऊस आला, तर महादेव जिंकला. माणिकराव नदीत टाक सोडून आला ते सगळं लटकं ठरलं, पोरं विचारतील – आपल्याच पाण्यानं देव पावला नं? दिलं आणि नाही आला, तर वस्ती उद्यापासून कुठल्या वाळूत हात घालणार? नदीतल्या झिऱ्यावर कोण उभं राहू देणार होतं?

इकडे आड तिकडे विहीर असं म्हणतात. इथं आड आटलेला होता, आणि विहीर एकच होती, आपली.

उन्हं कलली तशी माणिकराव आला. भुवयांवर खडीची धूळ, बोटांना चिंध्या. वाटेतच त्याला कळलेलं होतं, हे त्याच्या चालीवरून दिसत होतं. तिनं तांब्या पुढे केला.

‘सोता आल्ता?’

‘सोता.’

‘कुठं उभा होता?’

‘कुडापाशी.’

‘आत नाई आला?’

‘नाई.’

तो पाणी प्यायला. तोंड पुसलं. ‘नाई म्हन,’ तो म्हणाला, एकदम, वाक्य वाटेतच बांधून आणल्यासारखं. ‘आपुन देव मानत नाई. आपल्या पान्यानं देव बुडवाचा नाई अन् तारवाचा बी नाई. सांगून टाक.’

‘तुमीच सांगजा.’

‘काय म्हनला तो तुले? जनके म्हनला?’

‘जनकाबाई म्हनला.’

‘अन् मले?’

‘माणिकराव.’

त्याच्या धुळकट चेहऱ्यावरून काहीतरी सरकून गेलं. इतकं झरकन की दुसऱ्या कुणाला दिसलं नसतं, पण जनकाबाईनं सकाळी तेच स्वतःच्या अंगात अनुभवलं होतं, म्हणून ओळखलं. तो रिकामा तांब्या हातात फिरवत राहिला.

‘तहानेल्याले नाई म्हनाचं नसते,’ तो सावकाश म्हणाला. ‘आपुन तरी नाई म्हनाचं नसते. आपल्याले मालूम हाय थे काय असते.’

‘तहानेला कोन हाय? महादेव?’

तो चिडला. चिडायला त्याला काहीतरी हवंच होतं. ‘मान कोनी हालवली? मी? तुई हालली, आता तूच पाह्य.’

‘तुमाले कोनं सांगतलं मान हालली म्हनून?’

‘पाटील सांगून राह्यला साऱ्याइले.’

म्हणजे पाटलानं पाहिलं होतं. तिला दिवसभर एक वेडी आशा होती की ती हालचाल आपल्यालाच जाणवली असेल, बाहेरून दिसली नसेल. माणिकराव विहिरीजवळच्या उंबराच्या सावलीत जाऊन बसला, तिच्याकडे पाठ करून. नागपूरहून आल्यावर सगळ्या वस्तीसमोर उभा राहून खणखणीत बोलणारा हा माणूस, आणि आज त्याची पाठ म्हणत होती, मला विचारू नको. तिला त्याचा राग आला. मग कीव आली. मग दोन्ही गेलं आणि राहिलं ते नुसतं वाट पाहणं.

गाडीच्या चाकांची कुरकुर आधी ऐकू आली. मग टाळ. मग वस्तीची कुत्री. गाडीवर पाण्याची तीन लोखंडी टिपं होती, त्यांना हळद-कुंकू लावलेलं. पाठीमागं गाव होतं. सगळं नाही, पण बरंच. डोक्यावर पदर घेतलेल्या बाया, उन्हानं रापलेले पुरुष, आणि सगळ्यांच्या पुढे भगवंतराव आणि त्याची बायको सत्यभामाबाई. पहिली घागर पाटलीणबाईची, असा मान होता. तिच्या कमरेवर पितळेची घागर होती, घासून लख्ख केलेली. राखेनंच घासली असणार, घासायला पाणी कुठलं?

वस्तीची माणसं दारादारांत उभी राहिली. जनकाबाई विहिरीच्या ओट्यावर होती. कधी चढली ते तिला कळलं नव्हतं. दोर तिच्या हातात होता.

गाडी थांबली. माणसं थांबली. आणि थांबली ती ओट्यापासून चांगली पाच-सहा पावलं अलीकडे. कोणी त्यांना थांबा म्हटलं नव्हतं. पाटलानं बायकोकडे पाहिलं, सत्यभामाबाई दोन पावलं पुढे आली आणि ओट्याच्या खाली उभी राहिली. पायरी चढली नाही. चढायला कोणाची ना होती? पण ती अडली. वर यावं की न यावं, विटाळ कुणाला कुणाचा, आज कोणता नियम चालू आहे, हे तिला उमगेना. मग तिनं घागर कमरेवरून उतरवून खाली मातीत ठेवली, स्वतः बाजूला सरली, आणि हात पोटाशी धरून, मान खाली घालून वाट पाहू लागली.

ते उभं राहणं जनकाबाईनं पाहिलं. घागर खाली. हात पोटाशी. नजर जमिनीला.

आणि अंगातून काहीतरी सर्रकन वर आलं... पाटलाच्या वाड्यामागची विहीर, नवीकोरी नवरी मी, हळद अजून गेली नव्हती. घागर जमिनीवर ठेवायची आणि लांब उभं राहायचं. कोणी वरून ओतलं तर पाणी. नाही ओतलं तर उभं राहायचं. ऊन डोक्यावर आलं, सावली पायाखाली गेली. ओट्यावर हीच सत्यभामाबाई होती, तीसुद्धा नवरीच, हातात हिरवा चुडा. वाईट नव्हती ती. कधी शिवी दिली नाही, कधी हाकललं नाही. जावेशी बोलत होती नुसती, माहेरचं काहीतरी, हसत होती. दोर तिच्या हातात होता आणि तिला सवड होती. मी एकदाच म्हणाले, बाई, घरी लेकरू रडून राह्यलं असंन... नणंदेचं होतं ते. तिनं वळून पाहिलं. गोड आवाज होता तिचा.

‘जनकाबाई,’ खालून सत्यभामाबाई म्हणाली. आवाज कोरडा पडला होता, ओठांना भेगा पडलेल्या. ‘दिवस बुडाच्या आत भरा लागते वं माय. घालतं ना पानी?’

सगळं गाव वर पाहत होतं. उंबराखालून माणिकरावानंही मान वळवली. जनकाबाईनं खाली पाहिलं, त्या पांढुरक्या झालेल्या केसांच्या भांगाकडे, मातीत टेकलेल्या लख्ख घागरीकडे, आणि दिवसभर डोक्यात फिरणारा घाण्याचा बैल थांबला. हो म्हणावं की नाही, याची आता मुळी घाईच उरली नव्हती. द्यावं वाटत होतं का? ठाऊक नाही. देऊ नये वाटत होतं का? तेही ठाऊक नाही. हिनं असंच उभं राहावं, एवढंच वाटत होतं. अजून थोडा वेळ. सावली वस्तीच्या छपरांवर चढेपर्यंत. गावाचं पाणी, वस्तीचं पाणी, महादेव, पाऊस – सगळं त्या एका उभ्या राहण्याच्या मागं जाऊन बसलं, आणि तिला ते आवडलं. इतकं आवडलं की दोर धरलेली बोटं गार पडली.

‘थांब वं,’ हे दोन शब्द तिच्या जिभेवर आले होते, मागाहून सावकाश ‘बोलून तं घेऊ दे’ असंही. सत्यभामाबाईचे त्या दुपारचे तेच शब्द होते, आणि सूरही तोच, गोड. तिनं ओठ घट्ट मिटून घेतले, आणि त्यांची चव तोंडात तशीच राहिली.